कापसाचा काटा आणि माझी वही

एम.एड.च्या लघुशोधप्रबंधासाठी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावची अंगणवाडी निवडली, तेव्हा वाटलं होतं आठवड्यात उरकेल. निरीक्षणाचा तक्ता तयारच होता. गाणं झालं का, गोष्ट झाली का. करा बरोबरची खूण.

चार दिवस सगळ्या खुणा 'हो'वर पडल्या. पाचव्या दिवशी मदतनीस बाई खिचडी ढवळता ढवळता सेविकाताईंना विचारत होत्या, "मॅडम रोजच येऊन रायल्या, त रोजच गानं घ्या लागते का?" तक्ता पिशवीत गेला.

मग तीन आठवडे पोरांसोबत सतरंजीवर. सहभागी निरीक्षण, म्हणजे त्यांच्यातलंच एक होऊन बघणं, पुस्तकात एका परिच्छेदात संपतं. इथे पायाला मुंग्या येतात, आणि एखादं शेंबडं पोर मांडीवर झोपलं की वही उघडताच येत नाही. मी एसटीच्या थांब्यावर बसून लिहायचे: डाव्या पानावर दिसलं-ऐकलं ते, उजव्या पानावर मला वाटलं ते. रात्रीवर टाकलं की दोन्हींचा काला होतो.

मुलाखती साफ फसल्या. "इथं काय आवडतं?" म्हटलं की पोरं ताईंकडे बघून "अ आ इ" सुरू करायची. आयांच्या संमतीच्या सह्या मी कापूस वेचणीच्या दिवसांत, भल्या सकाळी घरोघर जाऊन घेतल्या होत्या. पण एका पोरीनं वहीवर हात ठेवून "नोको लिहू" म्हटलं, त्या दिवशी तिच्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. सही आईची असली तरी दिवस तिचा होता.

अ‍ॅलिसन क्लार्क आणि पीटर मॉस या बालशिक्षणाच्या अभ्यासकांनी 2001 मध्ये मांडलेल्या 'मोझॅक' पद्धतीत मूलच आपली जागा फिरवून दाखवतं. तेच केलं. "तुमची अंगणवाडी दाखवा," म्हटल्यावर पोरांनी तक्ते, खेळणी काहीच दाखवलं नाही; थेट मागच्या कडुनिंबाखाली नेलं. तिथे काठीला सुतळीनं दोन डबे बांधले होते. कापसाचा काटा! पानं म्हणजे कापूस. "धा किलो भरला." "पैसे?" "बाजाराच्या दिवशी." आयांना विचारलं, तर मजुरी खरंच बाजाराच्या दिवशी मिळत होती. माझ्या तक्त्यात हा तास 'अध्यापन नाही' म्हणून गेला असता.

मार्गदर्शकांनी विचारलं, "नमुना किती?" चौदा पोरं, एक गाव. त्यांनी समासात लाल पेनानं 'मर्यादा' लिहिलं. लिहिल्या, दोन पानं झाली.

शेवटच्या दिवशी काट्याजवळ बसले होते. त्याच पोरीनं माझा पदर ओढला. "तुह्यापाशी वही हाये ना? मंग वजन तूच लिव."