पहिला सीटी बरा होता, सूज नंतर आली

दादाच्या डोक्याला जबर मार लागला आणि आणला तेव्हा त्याचा कोमा स्कोर, म्हणजे शुद्ध किती आहे ते सांगणारा 3 ते 15 मधला आकडा, सहा होता. आठ किंवा त्याखाली असेल तर गंभीर इजा धरतात. पहिल्या सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या पुढच्या भागात रक्ताचे लहान ठिपके होते, लगेच ऑपरेशन नको म्हणाले. आम्हाला हायसं वाटलं. न्यूरोसर्जनांनी मात्र वहिनीला बसवून सांगितलं, "मार बसून गेला, सूज अजून यायचीय. पुढचे तीन ते पाच दिवस जपायचे."

कवटी म्हणजे घट्ट झाकणाचा डबा. आत साधारण 80 टक्के मेंदू, उरलेल्यात निम्मं रक्त आणि निम्मं मेंदूभोवतीचं पाणी. मेंदू सुजला की आधी ते पाणी खाली सरकतं, मग शिरांतलं रक्त कमी होतं. काही काळ दाब त्यामुळे आटोक्यात राहतो. ही जागा संपली की थोडीशी सूजही भारी पडते. दादाच्या डोक्यात दाब मोजणारी तार होती. आकडा 22 च्या वर टिकला की सिस्टर लगेच डॉक्टरांना बोलवायच्या.

दुसऱ्या सीटीनंतर डॉक्टरांनी दोन्ही स्कॅन शेजारी लावून दाखवले. त्यांचे उपकार मानते, कारण तोवर आम्ही नुसते त्यांचे चेहरे वाचत होतो. सीटीत पाण्याची घनता शून्य धरतात, हाडाची हजाराच्या आसपास जाते, ताज्या रक्ताची साठ-सत्तर. मेंदूचा करडा भाग चाळिशीच्या जवळ, पांढरा त्याहून थोडा कमी. पेशींत पाणी शिरलं की आकडा उतरतो आणि तो भाग काळपट दिसतो. माउसचा बाण त्यांनी रक्ताच्या ठिपक्याशेजारी नेला तर विशीतला आकडा आला, मेंदूच्या दुसऱ्या अर्ध्या भागात त्याच जागी तिशीतला. एवढ्याशा फरकात माझा भाऊ अडकला होता.

पण सूज दर वेळी काळीच दिसते असं नाही, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं. सुरुवातीला घनता जवळजवळ तशीच राहते आणि फक्त जागा बुजत जातात. म्हणून रिपोर्ट हातात आला की मी तीनच गोष्टी विचारायचे: मेंदूच्या दोन अर्ध्या भागांमधली रेषा किती सरकली, मेंदूच्या तळाशी पाण्याच्या मोकळ्या जागा दिसतात का, आणि करड्या-पांढऱ्यातली सीमा कळते का. तुमच्यावर ही वेळ आली तर तुम्हीही विचारा.

उपचार दिसायला साधेच. डोकं 30 अंश वर, मान सरळ, गुंगीचं औषध, मेंदूतलं पाणी ओढून घेणारं मॅनिटॉल आणि 3 टक्के मिठाचं सलाइन, आणि सोडियमची सारखी तपासणी. मामा म्हणाले, स्टेरॉइड का देत नाहीत? 2004 साली दहा हजारांहून जास्त रुग्णांवरच्या चाचणीत डोक्याच्या इजेत स्टेरॉइडने मृत्यू वाढलेले दिसले, म्हणून देत नाहीत.

तरीही दाब उतरेना. शेवटी कवटीचा मोठा तुकडा काढून सुजलेल्या मेंदूला जागा करून द्यायचं ठरलं. डॉक्टरांनी काही लपवलं नाही: जीव वाचायची शक्यता वाढते, पण वाचलेल्यांपैकी काही जण कायमचे परावलंबी राहतात. वहिनीने तेच दोनदा पुन्हा विचारलं आणि मग सही केली. मला तो निर्णय आजही योग्य वाटतो.

सूज उतरली, व्हेंटिलेटर निघाला, काही महिन्यांनी हाड परत बसवलं. नंतरच्या स्कॅनमध्ये पुढे एक काळा डाग आहे, घनता जवळपास पाण्याइतकी. तिथल्या पेशी गेल्या, त्या परत येणार नाहीत. दादा चालतो, घरातल्या सगळ्यांना ओळखतो, पण पटकन चिडतो आणि हातातलं काम अर्धवट सोडतो. ते त्या डागामुळे आहे, स्वभावामुळे नाही, हे पाहुण्यांना मी स्पष्ट सांगते. सगळ्या स्कॅनच्या सीडी तारखा घालून ठेवल्यात. फिट आली किंवा डॉक्टर बदलले, तर तुलनेला आधी त्याच लागतात.