रंगाचे पट्टे

आज सकाळी सार्वजनिक वनातून चालताना, यंदा तोड व्हायची असलेल्या भागातील खोडांवर रंगाचे पट्टे दिसले आणि मी बराच वेळ तेथेच थांबलो. शेजारी मागील तोडीतला एक बुंधा होता. त्याची वर्तुळे बोटाने मोजू लागलो, पण साठीनंतर ती इतकी दाटीने आली होती की मोजणे सोडून द्यावे लागले.

लाकूड आपल्या सर्वांना लागते, हे मी नाकारत नाही. जेवढी वाढ तेवढीच तोड, हा विचार खाणींचे प्रशासक हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी जर्मनीत १७१३ मध्ये मांडला, तोही खाणी आणि भट्ट्यांना लाकूड पुरत राहावे म्हणून. मात्र केवळ संरक्षित हद्द आखूनही प्रश्न सुटत नाही. अमेरिकेतील ‘हेच हेची’ नावाचे खोरे योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात असूनही सॅन फ्रान्सिस्कोच्या पाण्यासाठी तेथे धरण बांधायला १९१३ मध्ये कायद्यानेच मंजुरी दिली.

मला अधिक अस्वस्थ केले ते तोडीच्या यंत्रांच्या चाकोऱ्यांनी. दाबल्या गेलेल्या मातीत पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही, आणि ती पूर्ववत व्हायला कित्येक दशके लागू शकतात; लाकडाच्या हिशेबात हे नुकसान क्वचितच धरले जाते. (पर्यटकांच्या पायवाटांनाही हेच लागू आहे.)

परतताना एक वठलेले, सुतारपक्ष्याने पोखरलेले झाड दिसले. त्याच्यावर पट्टा नव्हता. खुणा करणाऱ्याने ते जाणीवपूर्वक वगळले असावे, असे मला मनापासून वाटते.