दिवेघाटातला रविवार

रविवार, रात्री साडेदहा

पाय बोलतायत, पण फील्ड रिपोर्टला हात घालायच्या आधी हे लिहून टाकते.

जिऑलॉजी घेतल्यापासून माझी एक कुरकुर होती. पुस्तकात खडकांच्या वळ्या (घड्या), विभंग (थर तुटून सरकतात ती जागा), जीवाश्म, संगमरवर. आणि बाहेर बघावं तर बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडक. टेकडी बेसॉल्टची, फुटपाथची कड बेसॉल्टची, पाताळेश्वरही त्यातच कोरलेलं. त्यात लाव्हाचे थर जवळजवळ आडवे, म्हणजे क्लायनोमीटर (कोन मोजायचं साधन) लावून नती, म्हणजे थरांचा कल, मोजायला जावं तर शून्य, फार तर एक अंश. राजस्थान टूरला अरवली बघेन तेव्हाच खरं जिऑलॉजी, असं मी सगळ्यांना ऐकवत होते.

आज सरांनी हातोडी बॅगेतून काढूच दिली नाही. "आधी नुसतं बघा." रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे उभं राहून बघत बसलो. खाली घट्ट काळा खडक, उभ्या भेगांचा. वर जाता जाता त्यात भोकं दिसायला लागतात; लाव्हातले वायू वर चढून अडकले ती ही जागा. भोकांत नंतर पाण्यातून झिओलाइट नि कॅल्साइट ही खनिजं बसली. त्याच्याही वर वीतभर जाडीचा, विटेसारखा लाल पट्टा. त्यावर पुन्हा घट्ट काळा खडक.

तो लाल पट्टा म्हणजे रेड बोल. एक प्रवाह थंड झाला, उघड्यावर पडला, झिजून त्याची माती झाली, आणि मग पुढचा लाव्हा तिच्यावरून वाहिला. (काही ठिकाणी त्यात ज्वालामुखीची राखही असते.) दख्खनचे बहुतेक लाव्हा साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, दहा लाख वर्षांच्या आसपासच्या काळात ओतले गेले असं वर्गात लिहून घेतलं होतं. मधे मधे सगळं थांबायचं, हे मात्र त्या मातीवर बोट फिरवल्यावर पटलं. बोट लाल झालं.

मग हातोडी मिळाली. एका पोकळीत स्टिल्बाइटची (हे एक झिओलाइटच) मोत्यासारखी चमकणारी जुडी निघाली. भिंगातून बघायला इतकी गर्दी झाली की माझा नंबर शेवटी.

भूवैज्ञानिक सर्वेक्षणवाल्यांनी या थरांच्या गटांना साल्हेर, रतनगड, पुरंदरगड अशी नावं दिलीत. दिवेघाटाच्या नावाचाही एक गट आहे! हे सिलॅबसमध्ये पहिल्या दिवशी का सांगत नाहीत कोण जाणे.

संध्याकाळी काकांना फोन केला. ते पुरंदरात विहीर खोल करतायत. म्हणाले, "मांजऱ्या होता तोवर पाणी होतं, आता काळा पाषाण लागलाय, सुरुंगाशिवाय हलत नाही." मांजऱ्या म्हणजे तोच भोकाभोकांचा खडक. भोकाभोकांचा नि भेगाळ खडक पाणी धरतो, घट्ट खडक भेगा नसतील तर कोरडाच, आम्ही हे दोन पानं लिहितो, काकांनी एका वाक्यात संपवलं. मी विचारलं, "काका, मधे तांबडा पट्टा लागला का?" "लागला की. त्याच्या वरच्या अंगालाच तर पाझर आहे." बोल चिकणमातीचा, पाणी सहसा खाली जाऊ देत नाही.

शेजारच्यांनी बोअरसाठी नारळवाला पाणाड्या बोलावलाय म्हणे. काकांना म्हटलं, तुम्ही घाई करू नका, मी पुढच्या शनिवारी टेप घेऊन येते, विहिरीचा वरपासून खालपर्यंत लॉग काढू, म्हणजे कोणता थर किती खोलीवर ते लिहून घेऊ. "ये, पण चपला घालून उतरू नकोस," एवढंच म्हणाले.

रिपोर्ट मंगळवारी द्यायचाय. स्केच अजून पेन्सिलीतच आहे.