पंधरा तासांचे पैसे

शनिवार, रात्री

आज आवर्ती ठेव मोडली. पतसंस्थेच्या काउंटरवर मीच बसते. त्यामुळे मुदतीआधी बंद करण्याचा अर्ज लिहिला मीच आणि त्यातलं व्याज कापलंही मीच. सहीसाठी मॅनेजरसाहेबांपुढे गेले तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "काय गो, लग्न ठरलं?" म्हटलं, नाही, धाकट्या भावाचं ट्रकचं हेवी लायसन्स काढायचंय. ते हसले. लग्न म्हटलं असतं तर हसले नसते.

घरीही तेच. गेल्या वर्षी मावसभावाच्या हॉटेल मॅनेजमेंटसाठी वाड्यावर सगळ्यांनी हात सैल सोडला, एकानेही हिशेब विचारला नाही. ट्रक शिकायचा म्हटल्यावर मात्र काकाने लगेच विचारलं, "त्याला पैसे कसले लागतात?"

बाबांचंही मत साधारण तेच. ते गोव्यातल्या होंडा गावच्या एका पात्रांवाच्या, म्हणजे मालकाच्या, ट्रकवर क्लीनर म्हणून चढले. टायर धुवायचे, ताडपत्री बांधायची, रिव्हर्स घेताना मागे उभं राहून "येऊ दे, येऊ दे" करायचं. जेवण आणि भत्ता मिळायचा, पगार नावाला. ड्रायव्हरची मर्जी झाली की रिकामा ट्रक थोडा वेळ हातात. असं करत करत ऐन पोरवयातली वर्षं गेली तेव्हा कुठे स्टिअरिंग मिळालं. बाबा अभिमानाने सांगतात, "मी एक पैसा दिला नाही." मला तो हिशेब पटत नाही. त्या वर्षांचा बुडालेला पगार हीच त्यांची फी होती, फक्त पावती कुणी फाडली नाही. आणि आता तर क्लीनरच कोण ठेवतं? बहुतेक ट्रकांवर ड्रायव्हर एकटाच असतो. तो दरवाजा बंद झाला म्हणून तर ही फी आली.

मंगळवार

दोन ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन आले. नावं लिहीत नाही.

पहिल्या ठिकाणी "पॅकेज" नऊ हजार. लर्निंग, ट्रेनिंग, टेस्ट, सगळं आलं. सरकारी फी स्वतःच जाऊन भरली तर काही शेकड्यांतच आटोपते, बाकीचं शिकवण्याचं. म्हटलं, शिकवणार किती? "महिनाभर, रोज एक तास." केबिनमध्ये किती जण? "चार." मग माझ्यातली कारकून जागी झाली. तीस तास भागिले चार, म्हणजे माणशी साडेसात. नियमात हेवीसाठी किमान तीस दिवसांचं ट्रेनिंग आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान पंधरा तास सांगितलेत. हे मी बोलले तर तो माणूस गोड हसून म्हणाला, "ताई, पोराला वेळ नसला तर नाही आला तरी चालतं, फॉर्म पाच आम्ही देतो." फॉर्म पाच म्हणजे स्कूलने द्यायचा ट्रेनिंगचा दाखला. हेवीच्या टेस्टला तो लागतोच.

दुसरा अठरा हजार मागतो. पंधरा तास, आणि त्या वेळात स्टिअरिंगवर धाकटा एकटाच. दोन्हीकडे तासाला बाराशेच पडले! स्वस्त वाटलेलं काही स्वस्त नव्हतं. बाबांना कागदावर मांडून दाखवलं, तर ते म्हणाले, डिझेल बघ, दहा टायरचा ट्रक लिटरला तीन-चार किलोमीटरच देतो, त्यापेक्षा स्वस्तात कोण शिकवेल? पैशांना ते पहिल्यांदा हो म्हणाले ते असे.

धाकट्याने जेवताना आणखी एक फाटा फोडला. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये निकाल दिलाय की साधं कारचं लायसन्स असलेल्याला साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडीही चालवता येते, मग हेवी कशाला? खरंय. पिकअप, छोटा टेम्पो त्याला आजही चालवता येईल. पण पगार आहे तो दहा टायरवर, आणि तो भरून साडेअठ्ठावीस टनांचा होतो. कार चालवता येते म्हणून त्याच्यावर चढलास तर पहिल्याच उतारावर कळेल, एवढंच मी म्हटलं. बाकी अटींत तो बसतो. वय विसाच्या पुढे आहे, कारचं लायसन्स वर्षाहून जुनं आहे, डॉक्टरचा फॉर्म झालाय.

रविवार

सकाळी धाकट्याबरोबर दुसऱ्या स्कूलच्या ट्रेनिंगला पठारावर गेले, बघायला म्हणून. चावी फिरवली की ट्रक निघाला असं नसतं हे मला माहीतच नव्हतं. इंजिन सुरू करून तो नुसता बसून राहिला, डोळे हवेच्या मीटरवर. एअर ब्रेकमध्ये हवा पुरेशी भरेपर्यंत हँडब्रेक सुटतच नाही. मास्तर खाली उभे राहून विडी ओढत होते. काटा वर गेला, "फुस्स" झालं, तेव्हा म्हणाले, "आता गाडी तुझी."

मग चढ. मागच्या टायरला टेकून पाण्याची रिकामी बाटली ठेवली आणि ती न चेपता गाडी उचलायला सांगितलं. पहिली बाटली चपटी झाली. दुसरीही. मास्तर रागावले नाहीत, पिशवीतून तिसरी काढली. पिशवीभर बाटल्या घेऊन येणारा माणूस बघितला आणि वाटलं, अठरा हजार बरोबर जागी गेले.

उताराचं मात्र सपाट पठारावर शिकवता येत नाही. ते तोंडीच सांगतात: ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर, न्यूट्रल करू नकोस, ब्रेक सारखा सारखा दाबलास तर ड्रम तापतो, हवाही संपते. धाकट्याने मान हलवली. ऐकून मान सगळेच हलवतात.

गुरुवार

काल एका ट्रान्सपोर्टवाल्याचा निरोप आला. "फी आम्ही भरतो, पोरगा दोन वर्षं आमच्याकडे." दर महिन्याला पगारातून कापणार आणि मूळ लायसन्स त्यांच्या ऑफिसात राहणार. आई लगेच तयार. ठेव परत भरता येईल, म्हणाली.

मी अडून बसले. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा मी पतसंस्थेत नवीन होते. पिसुर्ल्यापासून होंड्यापर्यंत ट्रक ताडपत्रीखाली उभे होते आणि त्यांचे हप्ते माझ्या वहीत. मधे थोडं सुरू झालं, मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद. ज्याची गाडी त्याचं कर्ज हे सगळ्यांना कळत होतं, पण बाबांसारखे ड्रायव्हर निदान दुसरीकडे जाऊ शकले, कारण लायसन्स त्यांच्या खिशात होतं. कुणी फॅक्टरीच्या बसवर गेला, कुणी रेतीच्या ट्रकवर. आता डिचोलीची खाण पुन्हा सुरू झालीय म्हणून सगळे खुशीत आहेत, असू देत. पण लायसन्स दुसऱ्याच्या कपाटात ठेवून फी वाचवायची, हे मला महाग वाटतं. मालकाने फी भरावी, जरूर भरावी, पगारातून कापावी, त्याला माझी ना नाही. कागद मात्र पोराकडेच राहायला हवा.

निरोप घेऊन आलेल्याला हेच सांगितलं. "विचारून सांगतो" म्हणून गेला, अजून फोन नाही.

माझे अठरा हजार धाकटा नोकरी लागल्यावर हप्त्याने देणार आहे. लिहून घेतलंय, तोंडी व्यवहार मला जमत नाहीत. व्याज लावलेलं नाही; आईचं म्हणणं, निदान तेवढं तरी बहीण म्हणून वाग.

उतार शिकण्याचा प्रश्न बाबांनी सोडवला. शेजारचा ट्रक बागलकोटहून सिमेंट आणतो, अनमोड घाट भरल्या गाडीने उतरावा लागतो. लायसन्स हातात आलं की धाकटा त्याच्यावर पहिले काही महिने कमी पगारात जाईल, आणि सुरुवातीच्या खेपांना बाबा शेजारी बसतील. "फुकट," असं बाबांनी मुद्दाम माझ्याकडे बघून सांगितलं.