म्हणींची शोधपेटी, नोंद ४ : कुऱ्हाड सापडली, ठळक करणं अजून अर्धं

'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण, म्हणी शोधण्याच्या या वेबपानाच्या संग्रहात असूनही 'कुऱ्हाड' शोधल्यावर पान 'काही सापडलं नाही' म्हणत होतं. या फेरीचा बहुतेक वेळ त्याच्यावर गेला. शोधणाऱ्यानं शब्द बरोबर लिहिलेला असतो, म्हणून दुरुस्ती आपल्या बाजूनंच व्हायला हवी.

कारण साठवणीत आहे. तोच ऱ्ह 'ऱ + हलन्त (पाय मोडण्याची खूण) + ह' असा येतो, 'र + हलन्त + शून्य-रुंदीचा जोडक (न दिसणारं, जोडाक्षराचं रूप ठरवणारं अक्षर) + ह' असाही येतो, आणि क्वचित 'र + नुक्ता (अक्षराखालचा टिंब) + हलन्त + ह' असाही. संगणकावरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकाचं एनएफसी सामान्यीकरण, म्हणजे एकच अक्षर लिहिण्याचे समान मानलेले प्रकार एकसारखे करण्याची पद्धत, फक्त तिसरा प्रकार पहिल्यात बसवतं. जोडकाचा प्रकार त्याच्या दृष्टीनं वेगळाच शब्द. 'ॲ'चंही तसंच: यू+०९७२ हे अक्षर २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये आलं, पण 'अ' आणि वर चंद्र अशी जोडी लिहिलेला मजकूर अजून भरपूर सापडतो. 'ऑ' आणि 'आ + चंद्र' यांनाही एनएफसी एक मानत नाही. बँक (चंद्रबिंदू) आणि बॅंक (चंद्र आणि अनुस्वार) हा घोळ तर रोजचाच.

म्हणून प्रत्येक नोंदीसोबत वेगळी शोधकळ, म्हणजे फक्त शोधासाठी बनवलेली मजकुराची प्रत, ठेवली. आधी एनएफसी. मग 'अ + चंद्र'चा ॲ, 'आ + चंद्र'चा ऑ, 'चंद्र + अनुस्वार'चा चंद्रबिंदू. मग ऱ चा र, आणि शेवटी शून्य-रुंदीची दोन्ही अक्षरं (जोडक आणि अजोडक) गाळायची. एनएफसी नंतर केलं तर नुक्त्याचा ऱ निसटतो. शोधाच्या शब्दावरही हेच फंक्शन चालवायचं. एका बाजूला विसरलं की सगळं मुसळ केरात. याची किंमत म्हणजे दर्या आणि दऱ्या एक होतात. अर्थानं ते कोसभर लांब, म्हणून एनएफसी केलेल्या मूळ मजकुराशी तंतोतंत जुळणारे निकाल वर घेतले. दाखवायचा मजकूर मात्र शोधकळीतून कधीच घ्यायचा नाही.

टाइप करता करता शोध चालवताना पेटीतला मजकूर दुरुस्त करून परत लिहू नका. लिप्यंतराचा (इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणारा) कीबोर्ड शब्द जुळवत असताना पेटी बदलली की अक्षरं दुप्पट होतात. जुळवणी संपायची वाट पाहिली, तर अँड्रॉइडवरचे काही कीबोर्ड स्पेस देईपर्यंत ती संपवतच नाहीत. इनपुट घटनेवर (पेटीतला मजकूर बदलल्याची ब्राउझरची सूचना) २५० मिलिसेकंद थांबून शोधणं, आणि सामान्यीकरण फक्त प्रतीवर करणं, हेच टिकलं.

निकालात सापडलेला शब्द ठळक करणं अवघड निघालं. जोडक गाळल्यामुळे शोधकळीतली जागा मूळ मजकुराच्या जागेशी जुळत नाही, म्हणून कळ बनवतानाच प्रत्येक अक्षराची मूळ जागा एका ॲरेत (क्रमवार यादीत) नोंदवली. दुसरी अडचण अक्षराच्या मध्येच स्पॅन (ठळक भागाभोवतीची एचटीएमएल खूण) पडण्याची: 'क' शोधला आणि 'कि'मधला फक्त क रंगवला, तर काही ठिकाणी वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळावर जाऊन बसते. ब्राउझरमधल्या इंटल सेगमेंटर या मजकुराचे तुकडे करणाऱ्या साधनानं सीमा अक्षरापर्यंत वाढवता येतात, पण जुने ब्राउझर 'क्ष' हलन्तापाशी तोडतात. त्यावर एक नियम घातला: तुकडा हलन्तावर, किंवा हलन्त आणि जोडकावर संपला, तर पुढचा त्याला चिकटवायचा. पायमोडके (हलन्तावर संपणारे) शब्द यातून सुटतात, कारण पुढचा तुकडा व्यंजनानं सुरू होत असेल तरच चिकटवायचं.

मांडणीत थोडकंच. ओळीची उंची १.४ वरून १.७ केली, कारण दोन ओळींनंतर कापणाऱ्या डब्यात खालचे उकार छाटले जात होते. अक्षरांतर शून्य ठेवलं, नाहीतर शिरोरेषा तुटते. पानाच्या लँग या भाषा सांगणाऱ्या गुणधर्मात 'एमआर' (मराठीचा संकेत) लिहिलं, म्हणजे फाँटात ल आणि श यांची मराठी वळणं असतील तर तीच येतात.

बाकी आहे ते असं: फायरफॉक्सच्या १२५ आधीच्या आवृत्त्यांत सेगमेंटर नाही, तिथे सध्या ठळक करणं बंदच आहे. शिवाय 'संपत्ती' आणि 'सम्पत्ती' शोधात अजून एकमेकांशी जुळत नाहीत. अनुस्वाराचं परसवर्णाशी (पुढच्या व्यंजनाच्या वर्गातल्या अनुनासिकाशी) जुळवणं पुढच्या फेरीत, आणि तेही फक्त स्पर्श व्यंजनांपुरतं (क ते म).