मंडईचं नाटक ठरवताना
मंडईसाठी, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावच्या जत्रेसाठी, वडशाला (गडचिरोली जिल्ह्यातलं नाटक मंडळ्यांचं गाव) नाटक ठरवायला गेलात की पोस्टरवरच्या नटावरच भुलू नका. झाडीपट्टीचं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्यातलं, नाटक गाण्यावर उभं राहतं. ऑर्गन आणि तबला कोण वाजवणार, नायक-नायिका स्वतः गातात का, हे आधी विचारा. ऑर्गनवाल्यानं गायकाची पट्टी सांभाळली नाही, तर वरच्या सुरात आवाज फाटतो आणि रंगलेला प्रवेश तिथंच पडतो. विनोदी नट तर कसलेलाच हवा. पहाटेपर्यंत गाव जागं ठेवणारा तोच. भोंगे माइकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून बांधा. मागे राहिले की त्यांचाच आवाज माइक ओढतो आणि शिट्टी वाजते.