कंबर जाते ती पोतं टाकताना

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भुसाराचं काम करणारे बरेच हमाल माझ्याकडे फिजिओथेरपीला येतात. ‘गुडघ्यात वाका, पाठ सरळ ठेवा’ हा पुस्तकी सल्ला मी त्यांना देत नाही. पोतं ते जमिनीवरून उचलतच नाहीत. ट्रकमधले दोघं पोतं फाळक्यावर आणून देतात, खालचा वाकून ते पाठीवर घेतो आणि चालू लागतो. खरा घात होतो तो थप्पीपाशी. थप्पी उंच झाली की फळीवरून चढायचं आणि वर अंगाला हिसडा देऊन पोतं जागेवर बसवायचं. वाकलेली कंबर, तिला पीळ, वर ५० किलो. मणक्यांमधल्या गादीला याहून वाईट काही नाही.

अमेरिकेतल्या नायोश या सरकारी संस्थेच्या सूत्रात हातांनी उचलायच्या वजनाची मर्यादा २३ किलो आहे, तीही सगळं अनुकूल असताना. तेच ओझं अंगापासून अर्धा मीटर लांब धरलं की मर्यादा निम्म्यावर येते. आपल्याकडे पाठीवर १०० किलोचं पोतं यायचं. ते ५० वर आलं, त्यामागे हमाल-माथाडी संघटनांचा मोठा लढा आहे. १९६९च्या माथाडी कायद्याने प्रॉव्हिडंट फंड दिला, ग्रॅच्युइटी दिली. पण वर्षानुवर्षं झिजत गेलेली कंबर ‘अपघात’ ठरत नाही, म्हणून भरपाई मागायला गेलं की तारीख विचारतात. कुठली तारीख सांगायची त्या माणसाने?

पन्नाशीतले एक काका कळ पोटरीत उतरते म्हणून आले होते. मी दोन्ही पायांचे अंगठे वर ओढायला सांगितले. डावा आला. उजवा तसाच पडून राहिला. ‘एवढ्याशा अंगठ्याचं काय, ताई? काम तर होतंय,’ म्हणाले. नस दबून स्नायूची ताकद जात होती. त्याच दिवशी त्यांना सर्जनकडे पाठवलं.

थप्पी खांद्याच्या वर न्यायची असेल तर गाळ्यात फिरता पट्टा लावलाच पाहिजे, या मतावर मी ठाम आहे. तो येईपर्यंत टोळीतल्या प्रत्येकाने एवढं लक्षात ठेवा: पायातली ताकद कमी वाटली, बसायची जागा बधिर झाली किंवा लघवी अडली, तर मालिश नको, कंबरेला पट्टा बांधून कामावर जाणं नको. त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा, रात्र झाली असली तरी.